सव्वासहा नंबरचा हात

हात सव्वासहा नंबरचा होता. अनिबाल सरायवाने आधी नंबर ओळखला, मग हात ओळखला, आणि तो कोणाचा हे आठवायच्या आतच त्याचे पाय थांबले. लिस्बनच्या गार्रेत नावाच्या रस्त्याच्या चढावर, शनिवारी दुपारी साडेतीनच्या गर्दीत, तो लोकांच्या वाटेत तसाच उभा राहिला. मागून येणाऱ्या एका बाईच्या खरेदीच्या पिशव्या त्याच्या गुडघ्यांवर आपटल्या. "काका, झोप आली असेल तर घरी बिछाना आहे ना," म्हणत ती पुढे गेली. समोरच्या दुकानाच्या काचेत तीन बायकी कोट टांगले होते, आणि एक उघडा हात मधल्या, राखाडी कोटाकडे बोट करून थांबला होता. बोट काचेला टेकत नव्हते. केसभर अंतर ठेवून ते कॉलरपासून खाली, बटणांच्या ओळीवरून फिरत होते. हातावर दोन तपकिरी डाग होते, पेरे सुजली होती. आज मोजायला घेतला असता तर या हाताला पावणेसात लागले असते. पण हाताचे हाड म्हातारे होत नाही. करंगळी दुसऱ्या पेऱ्यापासून आत वळलेली होती, शेजारच्या बोटाला काहीतरी कानात सांगत असल्यासारखी. त्या करंगळीसाठी त्याने एकदा तयार हातमोजा उसवून पुन्हा शिवला होता. लिस्बनमध्ये तशी दुसरी करंगळी नव्हती. असती, तर त्याला ठाऊक असती.

बत्तीस वर्षे त्याने या रस्त्यावर हातमोजे बसवले. दुकान इतके अरुंद होते की दोन गिऱ्हाइके आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचे. गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या मखमली उशीवर कोपर टेकायचे, हात वर धरायचा. अनिबालने लाकडी चिमट्याने मोज्याची बोटे एकेक करून रुंदवायची, आत शंखजिऱ्याची पूड फुंकायची, आणि मोजा असा चढवायचा की हात दुसऱ्यांदा जन्माला आला असे वाटावे. त्या दोन मिनिटांत कोणीही कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. त्यामुळे मंत्र्यांच्या बायका, नट्या, वकील, बाराव्या वर्षी पहिला मोजा घालणाऱ्या मुली, यांतला एकही चेहरा त्याच्या लक्षात राहिला नाही. हात राहिले. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या रस्त्यांना मोठी आग लागली, ती त्यांच्या दुकानापर्यंत आली नाही; गिऱ्हाइके मात्र त्या धुरात कुठे गेली ती परतली नाहीत. आता दुकानाच्या जागी चष्मे विकायला होते. तरी तो दर शनिवारी येई. बायको, लुर्दश, त्याला खारवलेला कॉड मासा आणायला पाठवी, कारण घरात बसलेला नवरा तिला तासभरही सोसवत नसे. तो मासा घेऊन घरी जाण्याऐवजी वर चढे आणि लोकांचे हात बघत एक फेरी मारी. पाच, साडेपाच, सात, साडेसात. आता कोणी मोजे घालत नव्हते, सगळे खिशात हात घालून चालत. त्याला बरे वाटे. खिशातल्या हाताला तो ओळखू शकत नव्हता.

त्या हाताची बाई काचेपासून हलली. अनिबाल तिच्या मागे निघाला. आपण का निघालो हे त्याने स्वतःला विचारले नाही. माशाची पुडी काखेत धरली आणि पाच पावलांचे अंतर ठेवले. ती बुटांच्या दुकानापाशी थांबली, तोही शेजारच्या पुस्तकांच्या दुकानापाशी थांबला. चेस्टनट भाजणाऱ्याच्या गाड्याचा धूर मधून गेला. तिची पाठ ताठ होती, शाळेत शिकवणाऱ्या बायकांची असते तशी. ओदेत. ओदेत व्हिल्येना. नाव आता आले, आणि त्यामागून सगळेच आले, बावीस वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, दुकानाच्या दारातून आत पडणारे उन्ह, आणि तिच्याबरोबर आलेला भाऊ. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, सेतुबलला सार्डिनच्या कारखान्यात कारकून. बहिणीचा चोविसावा वाढदिवस होता, सहा ऑक्टोबर, शुक्रवार. भाऊ म्हणाला होता, "मेस्त्री, असे बसवा की हिवाळ्यात हिला कोणाचा हात धरायची गरज पडू नये." त्यावर ती म्हणाली होती, "तू कधी धरला होतास? रस्ता ओलांडताना तूच माझा धरायचास." अनिबाल हसला होता. करडाचे कातडे, गडद लाल, आत रेशमाचे अस्तर. उजव्या करंगळीपाशी सुरकुती पडत होती. कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, वापरून बसेल. अनिबाल म्हणाला, "दोन दिवस द्या." मग मागच्या खोलीत दिव्याखाली त्याने करंगळी उसवली, बोटांच्या बेचक्यातली पट्टी अर्ध्या दोऱ्याइतकी तिरकी कापली, आणि टाके इतके बारीक घातले की मालकाने भिंग आणून पाहिले. त्या करंगळीचा त्याला अभिमान होता. त्याच्या हातून झालेले ते सर्वात सुंदर काम होते, असे त्याला आजही वाटत होते, आणि हे वाटणे थांबत नव्हते हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

मग नोव्हेंबरची सतरा तारीख. वरच्या गल्लीत गुप्त पोलिसांची ती कचेरी होती, जिचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे; 'वरचे लोक' म्हणत. वरचे लोकही हातमोजे घालत. त्यांतला एक इन्स्पेक्टर, हात साडेआठ, तळवा मऊ, अंगठा आखूड, दर हिवाळ्यात येई. त्या दिवशी दुपारी तो आला, उशीवर कोपर टेकले, आणि डाव्या हाताने खिशातून एक लाल मोजा काढून काउंटरवर ठेवला. "मेस्त्री, आत तुमचा शिक्का आहे. ह्याचा जोड मिळेल का?" आवाज सहज होता, घरातल्या बाईचा मोजा हरवलेल्या नवऱ्याचा. अनिबालने मोजा उचलला. वापरलेला मोजा म्हणजे चेहरा असतो. तळव्याशी खडूची पांढुरकी रेघ मुरलेली, तर्जनीच्या टोकाशी कागदाची शाई. त्याने तो उलटा केला, करंगळी दोन बोटांत धरली आणि हसला. मालक मागे खोकला. मालक तपकीर ओढत नसे, त्याला खोकल्याचा आजार नव्हता, आणि अनिबालला ते ऐकू आले होते. "साहेब," तो म्हणाला, "हे माझंच काम. सव्वासहा. उजवा. ही करंगळी बघा, अशी मी एकदाच केलीय. शाळेत शिकवतात त्या बाई, आल्कांताराच्या बाजूला. भावानं घेऊन दिले, वाढदिवसाला, सहा ऑक्टोबरला." इन्स्पेक्टरने मोकळ्या हाताने काउंटरवर थाप मारली. "वा, मेस्त्री. आमच्याकडे अशी माणसं नाहीत." अनिबालच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या संध्याकाळी जेवताना त्याने लुर्दशला सांगितले होते. साहेब काय म्हणाले, ते दोनदा सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दार उघडता उघडता म्हणाला, "अनिबाल, कालचा माणूस गिऱ्हाईक म्हणून आला नव्हता." एवढेच. पुढे मालक वारला, तोपर्यंत त्या दोघांत हा विषय निघाला नाही. आठवड्याभराने कोणीतरी दुकानात कुजबुजले, की लोखंडी लिफ्टच्या वरच्या पुलावरून गर्दीवर पत्रके फेकणारी मुलगी सापडली. पोरांना आफ्रिकेतल्या लढाईतून परत आणा, अशी पत्रके. एक मोजा पुलावर पडला होता. अनिबालला लगेच कळले की तो का काढला असेल. पातळ कागदाचा गठ्ठा मोज्याने सुटत नाही. कितीही चांगला मोजा असो, कागद सुटा करायला कातडीला कातडीच लागते, म्हणजे आपली. हे त्याने कोणालाही सांगितले असते, कोणी विचारले असते तर. दीड वर्षाने हुकूमशहांचे राज्य कोसळले, वरच्या गल्लीत माणसांचा पूर लोटला, खबऱ्यांना घराघरांतून ओढून काढले. अनिबाल तीन दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत कातडी बेतत बसला. त्याला शोधत कोणी आले नाही. कारण तो खबऱ्या नव्हता. त्याचे नाव कुठल्याही यादीत नव्हते. तो हातमोजेवाला होता.

"तीन दुकानांपासून तुम्ही माझ्या मागं आहात."

ती वळून उभी होती. चेहरा त्याने आज पहिल्यांदा पाहिला. तो त्याला अनोळखी होता.

"पूर्वी लोक निदान तोंडापुढं वर्तमानपत्र तरी धरायचे," ती म्हणाली. "तुम्ही मासा घेऊन पाठलाग करताय. वासानं कळलं मला."

"माफ करा. मी अनिबाल. इथं खाली हातमोज्यांचं दुकान होतं."

तिने क्षणभर पाहिले, मग त्याच्या हातांकडे पाहिले, आणि तिचा चेहरा सैल झाला. "करंगळीवाले मेस्त्री," ती म्हणाली. "अरे देवा. तुम्ही जिवंत आहात? दुकानाच्या जागी चष्मे बघितले आणि मला वाटलं, गेलात."

"दुकान गेलं. मी आहे."

"मग एक कॉफी प्या माझ्याबरोबर. मलाही बसायचंय. कोट बघून बघून माझे पाय मोडले, आणि घेत तर काहीच नाहीये."

त्याने नाही म्हणायला हवे होते. पुढे कित्येक दिवस तो हा क्षण तपासत राहिला: त्याने हो म्हटले तेव्हा त्याला सांगायचे होते, की तिने आपल्याला 'करंगळीवाले' म्हटले म्हणून आणखी थोडा वेळ तिच्या तोंडून ते ऐकायचे होते. दोन्ही होते. दुसरे जास्त होते.

मिठाईच्या दुकानात काउंटरच्या टोकाशी जागा मिळाली. शनिवारच्या बायका उभ्यानेच केक खात होत्या, फरच्या कॉलरवर साखर सांडत होती. ओदेतने बोटांनी पेला धरला. अनिबालने नजर पेल्यावर ठेवली. "राखाडी कोट चांगला होता," तो म्हणाला, काहीतरी बोलायचे म्हणून.

"चांगलाच होता. सात जानेवारीला लग्न आहे, माझ्या भाचीचं. सेतुबलला. पत्रिका आलीय, येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचंय. जायचं तर कोट लागेल. जायचं की नाही ते ठरत नाही, म्हणून कोटही ठरत नाही. पंधरा दिवस ह्या रस्त्यावर फेऱ्या मारतेय, मेस्त्री. दुकानातल्या पोरी मला आता नावानं हाक मारतात."

"भाची म्हणजे भावाची मुलगी?"

"जासिंतुची. तुम्हाला आठवत असेल तो, त्यानंच मोजे घेतले होते." तिने साखरेची पुडी फाडली आणि कॉफीत न टाकता बशीत ओतली. "भाची वहिनीच्या पोटात असताना मी तुरुंगातून सुटले. म्हणजे ती आता वीस वर्षांची. मी तिला पाहिलेलं नाही. पत्रिकेवर तिनं हातानं लिहिलंय, आत्या, बाबांना सांगितलेलं नाही, पण या."

अनिबालला विचारायचे नव्हते. "भावाशी बोलणं नाही का?"

"नाही." ती थांबली, मग अनोळखी माणसाला सांगणे सोपे असते तसे सांगू लागली. "मला उभं केलं होतं, भिंतीशी, किती दिवस ते ठाऊक नाही. कोणाचंच नाव सांगत नव्हते मी. मग एक जण आला आणि मोजा टेबलावर ठेवून म्हणाला, भावानं दिला ना, वाढदिवसाला, सहा ऑक्टोबरला? शिक्क्यावरून दुकान कळतं, मेस्त्री, पण भाऊ कसा कळेल? तारीख कशी कळेल? ते दोघांनाच ठाऊक. मी तिथंच बसकण मारली. सगळं सांगून टाकलं. ज्यांची नावं सांगितली त्यांतले दोघे आत आले. सुटले तेव्हा जासिंतु फाटकाशी उभा होता, माझ्यासाठी स्वेटर घेऊन. मी त्याला म्हटलं, मोज्यांबद्दल आभार. आणि चालू लागले. वीस वर्षं झाली. त्यानं एकदाही विचारलं नाही, आभार कसले. ज्याला काही विचारावंसं वाटत नाही त्यानं काहीतरी केलेलं असतं, नाही का?"

किंवा त्याला वाटले असेल की बहिणीचे डोके फिरले, किंवा तो वीस वर्षे तेच विचारत बसला असेल, रात्री, मोज्यांत काय चुकले म्हणून. हे सगळे अनिबालच्या मनात येऊन गेले. कॉफीच्या यंत्रातून वाफ सुटली. त्याने इतकी वर्षे हिशेबात फक्त तिला धरले होते, तिचे तुरुंगातले सतरा महिने. त्याला वाटले होते, तेवढेच त्याच्या वाट्याला येते, आणि तेही कसेबसे पेलेल. तो भाऊ, ते दोघे, ही न पाहिलेली मुलगी, हे सगळे त्याच्या एका वाक्यात होते हे त्याला माहीत नव्हते. आता ती लग्नाला गेली नाही तर तेही त्यातच येईल.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"मोजा कोणाचा ते. तो इन्स्पेक्टर माझ्याकडे मोजा घेऊन आला होता. भाऊ, तारीख, शाळा, सगळं मी सांगितलं. तुमच्या भावाला काहीच ठाऊक नाही."

तिने पेला बशीत ठेवला. शेजारची बाई केकचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून निघून गेली.

"मारलं तुम्हाला?"

"नाही."

"धमकी दिली? बायकोचं नाव घेतलं?"

"नाही."

"मग?"

"त्यानं विचारलं," अनिबाल म्हणाला. "मला येत होतं."

ओदेत त्याच्याकडे पाहत राहिली. "वर्गात एक तरी असतो असा," ती हळू म्हणाली. "प्रश्न पुरा व्हायच्या आत उठून उभा राहणारा. मी लाडके म्हणून पुढच्या बाकावर बसवायचे त्यांना."

"अर्ध्यात मला कळलं होतं," तो म्हणाला. हे त्याने लुर्दशला सांगितले नव्हते, कबुलीच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून पाद्र्यालाही सांगितले नव्हते. "भाऊ हा शब्द म्हणताना कळलं, की हा माणूस जोड घ्यायला आलेला नाही. मालकही खोकला. पण वाक्य पुरं केलं. ते फार चांगलं जमत होतं."

ती हसली नाही, रडलीही नाही. त्याला वाटले ती थोबाडीत मारेल, आणि तो वाट पाहत राहिला. मारली असती तर बरे झाले असते. तिने पर्स उघडली, पत्रिका काढली, चष्मा लावून मागच्या बाजूचा फोन नंबर वाचला. मग काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "शेनोर आर्मिंदु, तुमचा फोन जरा इकडे सरकवा. बाहेरगावचा आहे. मीटर लावा."

"लावतो, दोना ओदेत. बोला तुम्ही तास तास."

तिने आकडे फिरवले. शेवटच्या आकड्यावर बोट थांबले, मग तोही फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली तशी तिने रिसिव्हर त्याच्यासमोर धरला.

"मी काय बोलू त्याच्याशी?" ती म्हणाली. "मला नाही सुचायचं. तुम्ही बोला. तुम्हाला चांगलं सांगता येतं."

त्याने रिसिव्हर घेतला. काखेतली पुडी खाली पडली, ती त्याने उचलली नाही. चार वेळा वाजून पलीकडे कोणीतरी उचलले. मागे रेडिओ चालू होता, कोणीतरी कप विसळत होते; मग एक जाडसर, दमेकऱ्याचा पुरुषी आवाज म्हणाला, "बोला."

"जासिंतु व्हिल्येना?"

"मीच. कोण आपण?"

"अनिबाल सरायवा. लिस्बनहून बोलतोय. तुमच्या बहिणीबद्दल, ओदेतबद्दल..."

रेडिओ बंद झाला. पलीकडे श्वासाचा आवाज तेवढा राहिला, शिट्टी वाजल्यासारखा.

"गेली का?" तो माणूस म्हणाला. "स्पष्ट सांगा. आजारी होती? मला कोणी कळवलं कसं नाही?"

"नाही, नाही. बरी आहे. इथंच उभी आहे, माझ्या शेजारी."

ओदेत दुसरीकडे पाहत होती, पण रिसिव्हरपासून वीतभर अंतरावर, आणि तिला ऐकू येत होते.

"मग तिला द्या ना फोन," आवाज म्हणाला. आता तो अगदी वेगळा होता, घाई झालेल्या पोरासारखा. "तिला द्या."

ओदेतने मान हलवली. आधी तुम्ही.

"देतो. आधी मला एक सांगायचंय. मी हातमोज्यांच्या दुकानात होतो," अनिबाल म्हणाला, आणि कॉफीचे यंत्र पुन्हा फुत्कारू लागले. त्याने पुढचे वाक्य बोलून टाकले, पण ते त्याचे त्यालाच ऐकू आले नाही.

"ऐकू येत नाही हो," सेतुबलहून तो माणूस म्हणाला. "मोठ्यानं बोला."

दुकान भरले होते. शेनोर आर्मिंदु फडके हातात धरून उभा होता, फरच्या कॉलरवाल्या दोघी वळून पाहू लागल्या होत्या. अनिबालने रिसिव्हर तोंडाजवळ घेतला आणि जे सांगायचे होते ते पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, मोठ्याने सांगितले.